भूआच्छादनाच्या उपग्रह प्रतिमा एलटीओ टेपवर ठेवायच्या आहेत, सल्ला हवा

उजनीकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका छोट्या संस्थेत काम करते. २०१६ पासून आम्ही भीमेच्या खोऱ्यातलं, मुख्यतः उजनीच्या वरच्या अंगाचं भूआच्छादन दरवर्षी नकाशावर आणतोय: ऊस, जिरायत, माळरान, वस्ती, पाणी वगैरे. कच्चा माल युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा, जोडीला थोडं अमेरिकेचं लँडसॅट. गावोगाव फिरून जीपीएसवर घेतलेले ग्राउंड ट्रुथचे, म्हणजे जागेवर जाऊन पडताळलेले, साधारण सहा हजार बिंदू आणि प्रत्येक बिंदूचा फोटोही आहे.

हे सगळं मिळून ४१ टीबी झालंय आणि ते अकरा बाहेरच्या हार्डडिस्कवर विखुरलेलं आहे. गेल्या महिन्यात त्यातली २०१८ ची डिस्क टकटक वाजायला लागली आणि दुसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली. बहुतेक माल दुसरीकडे होता म्हणून वाचलो, पण इंदापूर आणि करमाळा भागातले त्या वर्षीच्या रब्बीचे फोटो गेले ते गेलेच. ती शेतं मी स्वतः चालले होते. दोन रात्री झोप लागली नाही.

आता संचालकांनी एकदाच खर्च करायला मान्यता दिली आहे. एलटीओ-८ (कॉम्प्युटरचा माल साठवायच्या चुंबकीय टेपेची आठवी पिढी) चा एक ड्राइव्ह आणि टेपा घ्यायचा विचार आहे. प्रश्न तीन:

टेपवर लिहायचं नेमकं कसं? नुसत्या फायली ओढून टाकायच्या का? पाकिटावर ३० टीबी लिहिलंय आणि विक्रेता १२ म्हणतो, खरं काय? आणि सगळंच ठेवायचं का, की कच्च्या प्रतिमा सोडून द्यायच्या? त्या तर फुकट परत मिळतात.

टेपला मी आजवर हात लावलेला नाही, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

---

फिल्मफीत | सोमवार, रात्री ११:२५

ताई, मी मुंबईत पोस्ट-प्रॉडक्शनला आहे. कॅमेऱ्याचा मूळ माल एलटीओवर चढवणं हे माझं रोजचं काम. उपग्रहातलं मला काही कळत नाही, पण टेप कळते.

१२ हाच खरा आकडा. ३० हा आकडा 'माल अडीचपट दाबला जाईल' असं धरून छापतात. तुमच्या प्रतिमा आधीच दाबलेल्या असणार, त्या आणखी दबत नाहीत. म्हणजे ४१ टीबीला चार टेपा. दोन प्रती करा, म्हणजे आठ. आणखी दोन रिकाम्या जवळ ठेवा.

फायली ओढून टाकता येतात. एलटीएफएस म्हणून पद्धत आहे, तिच्यात टेप पेनड्राइव्हसारखी समोर दिसते. टेपचे दोन भाग होतात, एकात फायलींची यादी आणि दुसऱ्यात माल. पण ती पेनड्राइव्हसारखी वापरायची नाही. एखादी फाइल पुसली तरी जागा परत मिळत नाही. आणि बारक्या फायली तिला अजिबात चालत नाहीत.

का चालत नाहीत ते सांगतो, कारण इथेच नवी माणसं ड्राइव्हची वाट लावतात. एलटीओ-८ ची फीत ९६० मीटर लांब असते. टेप पूर्ण भरायची तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाताना-येताना मिळून, २०८ वेळा धावते. माल अखंड आला तर ती अखंड धावते. कॉम्प्युटरकडून माल अडखळत आला की फीत थांबते, थोडी मागे येते, पुन्हा वेग घेते आणि लिहिते. पुन्हा थांबते. आम्ही याला शू-शाईन म्हणतो, बुटावर ब्रश पुढेमागे फिरतो तसं. यात फीतही झिजते आणि लिहिणारं-वाचणारं हेडही. ड्राइव्हचा आवाज ऐकत चला. सलग घूं असा यायला हवा. दर दोन सेकंदांनी सूं-खट, सूं-खट असा आला तर काम थांबवा.

पूर्ण वेगात १२ टीबीची टेप दहा-अकरा तासांत भरते. जुन्या बाहेरच्या डिस्कवरून बारक्या फायली सेकंदाला २५ एमबीने आल्या तर तेवढ्याच टेपला साडेपाच दिवस लागतील, आणि तेही सगळे शू-शाईनचे. म्हणून आधी माल टार करून मोठ्या गठ्ठ्यात बांधा, तो एसएसडीवर आणा आणि तिथून टेपवर. एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

टेप पडू देऊ नका. आत एक बारीक पिन असते, तिला धरून ड्राइव्ह फीत ओढून घेतो. ती पिन हलली की टेप आत जाते आणि अडकते. उभी ठेवा, आडवी नको. लिहून झाली की बाजूची बारीक खिटी सरकवून कुलूप लावा.

---

रास्टर_औंध | मंगळवार, सकाळी ८:१०

फिल्मफीत यांच्याशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं स्पष्ट मत: कच्च्या प्रतिमा ठेवू नका. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट दोन्ही फुकट आहेत. लँडसॅटचं भांडार तर २००८ पासून सगळ्यांना खुलं आहे. अमेरिकेत सिऊ फॉल्सला ते सांभाळणारी मोठी व्यवस्था आहे, युरोपची त्यांची वेगळी. आपण पुण्यात बसून त्यांची प्रत कशाला करायची? तुमचे नकाशे आणि बिंदू एका टेपवर मावतील. बाकी पैसा नव्या पाहणीला वापरा.

---

वैनगंगा | मंगळवार, दुपारी ४:०५

मी निवृत्त आहे. सुदूर संवेदनात, म्हणजे उपग्रहावरून जमीन पाहण्याच्या कामात, तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी टेपांच्या खोलीत. उजनीकाठ यांचा प्रश्न वाचून राहवलं नाही. लांबेल, पण लिहितो.

आधी रास्टर यांच्या मुद्द्याबद्दल. 'परत मिळतं' हे खरं आहे, पण 'तेच परत मिळतं' हे खरं नाही. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले, वापरताना ते वजा करायचे असतात. पुढे जुन्या वर्षांच्या प्रतिमाही नव्या प्रक्रियेतून काढल्या गेल्या. आता हिशेब करून पाहा. उसाच्या एका पिक्सेलला लाल पट्ट्यात ५०० आणि जवळच्या अवरक्तात ३५०० असेल तर एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा, दोघांची वजाबाकी भागिले बेरीज) येतो ०.७५. तीच प्रतिमा आज उतरवली, आकडे १५०० आणि ४५०० आले आणि वजाबाकी करायची राहून गेली, तर तो येतो ०.५०. शेत तेच, दिवस तोच, आणि ऊस नकाशावरून गायब. लँडसॅटचंही तसंच. 'कलेक्शन २', म्हणजे सगळ्या प्रतिमांची नव्याने प्रक्रिया केलेली आवृत्ती, डिसेंबर २०२० मध्ये आली आणि २०२२ संपता संपता कलेक्शन १ काढून घेतलं गेलं. कलेक्शन १ वर केलेला नकाशा कुणी पुन्हा करून पाहायचा म्हटला तर मूळ माल आज मिळणार नाही.

त्यामुळे ताई, ज्या दृश्यांवरून नकाशा प्रत्यक्ष काढला तेवढी जशीच्या तशी ठेवा. ढगांनी भरलेली, न वापरलेली सोडा. त्यांची फक्त पूर्ण नावं यादीत ठेवा, सेंटिनेलच्या नावातच प्रक्रियेची आवृत्ती आणि तारीख असते. माझा अंदाज, ४१ चे २० टीबीच्या आत येतील.

आता माझ्याकडे जे झालं ते सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथल्या माणसांनी कष्ट केले होते.

१७ मार्च १९८८ ला भारताचा आयआरएस-१ए उपग्रह बैकानूरहून वर गेला. त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ७२.५ मीटरचा, म्हणजे अर्ध्या हेक्टरपेक्षा किंचित मोठा. १९८८-८९ ची खरीप आणि रब्बीची दृश्यं घेऊन देशभर भूवापर-भूआच्छादनाचं काम निघालं, एकास अडीच लाखांच्या प्रमाणावर. माझ्या वाट्याला वैनगंगेचा पट्टा होता. भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी. मामा (मालगुजारी) तलाव काळ्या ठिपक्यांसारखे दिसायचे, बोड्या म्हणजे बारकी तळी मात्र पिक्सेलमध्ये विरघळून जायच्या. माल यायचा नऊ ट्रॅकच्या रिळांवर. साडेदहा इंची रीळ, २४०० फूट फीत, आणि १६०० बीपीआयच्या (इंचाला १६०० बाइट) रिळात जेमतेम ४० एमबी मावायचे. आज फोनवरच्या पाच-सहा फोटोंएवढे. एक दृश्य लावायचं तर रीळ हाताने चढवायचं, फीत हेडवरून ओवून घ्यायची आणि व्हॅक्यूमने ती आत ओढली की सुस्कारा ऐकायचा. तो सुस्कारा आला नाही तर पुन्हा ओवायची.

त्याच १९८८ साली वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली होती. पाणी अडायला पुढे खूप वर्षं लागली. म्हणजे आमच्या रिळांवर जे होतं ते बुडायच्या आधीचं खोरं होतं.

२००१ मध्ये आमच्याकडे विचारणा आली, बुडीत क्षेत्रात त्या वेळी काय होतं? मी म्हटलं, आहे की आपल्याकडे! चौदा रिळं तळमजल्यावरच्या कपाटात होती. बारा पावसाळे त्यांनी तिथेच काढले होते. पहिलं लावलं तर पाच-सहा फूट गेल्यावर कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला आणि फीत हेडला चिकटली. हेड पुसलं तर कापसावर तपकिरी लगदा. चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारा जो बंधक असतो तो हवेतला ओलावा ओढतो आणि चिकट होतो. कुणीतरी सुचवलं म्हणून एका प्रयोगशाळेतली भट्टी मागून आणली आणि ५० ते ५५ अंशांवर रिळं रात्रभर ठेवली. त्याने फीत थोडे दिवस कोरडी होते, तेवढ्यात वाचून घ्यायची. चौदापैकी अकरा वाचली.

वाचली म्हणजे काय, तर आकड्यांची रांग मिळाली. ओळ किती लांब, पट्टे कोणत्या क्रमाने, हे ज्या रजिस्टरमध्ये होतं ते वाळवीने खाल्लेलं. कॅमेऱ्याच्या ओळीत २०४८ पिक्सेल हे मला तोंडपाठ होतं. तसं मांडलं तर चित्र तिरपं सांडत गेलं, कारण प्रत्येक ओळीच्या आधी काही बाइट जास्तीचे होते. किती ते माहीत नाही. एकेक बाइट वाढवत बसलो. दर वेळी तिरपेपणा थोडा कमी. रात्री केव्हातरी नदी एकदम उभी राहिली. वैनगंगा. तिचं पवनीजवळचं वळण मी लहानपणापासून पायी पाहिलेलं आहे. माझ्या शेजारी बसलेला मुलगा टाळ्या वाजवायला लागला.

आणि त्यानंतर खरं नुकसान कळलं. प्रतिमा मिळाल्या, वर्गीकृत नकाशाही मिळाला. नकाशा म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एक आकडा. नदीच्या दोन्ही काठांनी ११ होता, हजारो पिक्सेल. ११ म्हणजे काय? सूची त्याच रजिस्टरमध्ये होती. एकजण म्हणाला पडीक, एकजण म्हणाला झुडपी जंगल. विदर्भात या दोन शब्दांमध्ये काय अंतर आहे ते तिथल्या माणसाला विचारा. झुडपी जंगल ठरलं की ती जमीन वन कायद्याच्या प्रश्नात अडकते, पडीक ठरलं की नाही. ज्या सहकाऱ्याने वर्ग ठरवले होते ते तोवर वारले होते. पाहणीच्या वह्या सापडल्या नाहीत. उत्तरात आम्हाला त्या पट्ट्यासाठी 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहावं लागलं. ते पत्र मीच टाइप केलं.

त्या काळातलं लँडसॅट आज घरबसल्या मिळतं. आमच्या वह्या जगात कुठेच मिळत नाहीत.

म्हणून माझं सांगणं असं. टेपवर सगळ्यात आधी, पहिल्या गठ्ठ्यात, प्रतिमा नव्हे तर सूची जाऊ द्या. कोणत्या आकड्याचा काय अर्थ, तो कुणी आणि कोणत्या महिन्याच्या दृश्यावरून ठरवला, नकाशाचं प्रक्षेपण कोणतं, रिकाम्या पिक्सेलला कोणता आकडा दिला, हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत, मराठीत लिहिलं तरी उत्तम. ती फाइल प्रत्येक टेपवर पुन्हा. आणि कागदावर छापून टेपच्या डब्यात. त्यानंतर बिंदू आणि फोटो. मग नकाशे. कच्चा माल शेवटी.

दुसरी गोष्ट, ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याच ड्राइव्हवर वाचून 'झालं' म्हणू नका. नव्वदच्या दशकात आम्ही डॅट कॅसेटवर गेलो. एका ड्राइव्हचं हेड किंचित सरकलेलं होतं. तो स्वतः लिहिलेलं नीट वाचायचा, त्यामुळे दोन वर्षं कुणालाच शंका आली नाही. तो बिघडल्यावर दुसऱ्या कुठल्याच ड्राइव्हने त्या कॅसेटा वाचल्या नाहीत. एलटीओत वाट दाखवणारे सर्वोचे पट्टे कारखान्यातच फितीवर लिहिलेले असतात, म्हणून हा त्रास फार कमी आहे. तरी माझा जीव अजून त्यात अडकलेला आहे. चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते पडताळायचा आकडा) काढा आणि दुसऱ्याच्या ड्राइव्हवर निदान एक टेप पूर्ण वाचून बघा. सर्वोचे पट्टे म्हणून आठवलं, जुनी टेप पुसायला चुंबक फिरवायची सवय कुणाला असेल तर त्याला अडवा. ते पट्टे गेले की टेप कायमची गेली.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. दीर्घकाळ ठेवायच्या टेपेला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली आहे. पुण्याच्या जुलैत हे खिडकीजवळच्या कपाटात जमणार नाही.

---

उजनीकाठ | मंगळवार, रात्री ११:५०

काका, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. संध्याकाळी ऑफिसात थांबून मी आमचे आठ वर्षांचे नकाशे उघडले आणि सूची शोधायला बसले.

आमच्याकडे ७ हा आकडा आहे. तो म्हणजे गाळपेर. उजनीचं पाणी उतरलं की भिगवणपासून पळसदेवपर्यंत काठची काळी जमीन उघडी पडते आणि लोक त्यात पेरतात. ऑक्टोबरच्या प्रतिमेत तिथे पाणी असतं, मार्चच्या प्रतिमेत हिरवं पीक. फक्त मार्चचं दृश्य पाहिलं तर कुणीही त्याला बागायत म्हणेल. आम्ही दोन्ही दृश्यं एकत्र पाहून त्याला वेगळा आकडा दिला. आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. २०१६ ते २०१८ च्या नकाशांत तर हा वर्गच नाही, तेव्हा ७ म्हणजे वीटभट्ट्या होत्या! हे फक्त माझ्या आणि एका सहकाऱ्याच्या डोक्यात आहे, आणि तो पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय.

उद्या सकाळी त्याला घेऊन बसते. वर्षागणिक सूची आधी, टेप नंतर.

गठ्ठ्यांबद्दल विचारते: दर टाइल (उपग्रह प्रतिमेचा ठरलेला चौकोन) आणि दर वर्ष असा एक टार केला तर ५० ते ८० जीबीचा होतो. बरोबर आहे का? आणि दुसरा ड्राइव्ह कुठून आणू? पुण्यात माझ्या ओळखीत कुणाकडे नाही.

---

रास्टर_औंध | बुधवार, सकाळी ७:३०

वैनगंगा सर, कच्च्या मालाबद्दलचं माझं मत मागे घेतो. तो १००० चा घोळ मी स्वतः केलेला आहे, एक महिना वाया गेला होता, आणि तरी इथे लिहिताना आठवला नाही. उजनीकाठ, वापरलेल्या दृश्यांची पूर्ण नावं काढायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून देतो. तुमच्या फोल्डरांची रचना कशी आहे तेवढी पाठवा.

---

वैनगंगा | बुधवार, सकाळी ९:१५

गठ्ठा बरोबर आहे. टाइल आणि वर्ष, हीच विभागणी पुढे शोधायला सोपी जाते. एक टार बिघडला तरी एका टाइलचं एक वर्ष जाईल, पूर्ण टेप नाही. प्रत्येक टारच्या आत काय आहे त्याची यादी बाहेर वेगळी ठेवा, नाहीतर एका फाइलसाठी अख्खी टेप चाळावी लागेल. कुठल्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या खाजगी साच्यात लिहू नका, ते सॉफ्टवेअर दहा वर्षांनी असेलच असं नाही. कूटबद्धही करू नका. तुमच्या प्रतिमांत लपवण्यासारखं काही नाही. शेतकऱ्यांची नावं बिंदूंसोबत असतील तर ती वेगळी काढून सांभाळा.

ड्राइव्ह आज घेताय तो एलटीओ-८. तो फक्त ८ आणि ७ वाचतो. एलटीओ-९ चा ड्राइव्ह तुमच्या ८ च्या टेपा वाचेल. म्हणजे टेप तीस वर्षं टिकली तरी ती वाचणारं यंत्र तेवढं टिकणार नाही. सात-आठ वर्षांनी नव्या टेपांवर उतरवून घेण्याचा खर्च आत्ताच संचालकांच्या कागदावर येऊ द्या.

वीटभट्ट्यांचं वाचून अंगावर काटा आला. सहकाऱ्याला आजच गाठा.

---

फिल्मफीत | बुधवार, दुपारी १:००

ताई, दुसरा ड्राइव्ह माझ्याकडे आहे. आमचा ९ चा, तुमची ८ ची टेप वाचतो. रविवारी तो मोकळा असतो. पहिली टेप भरली की चेकसमच्या यादीसकट दादरला घेऊन या, पैसे वगैरे काही नको.

शुक्रवारी संध्याकाळी निघून या आणि टेप डब्यातून काढू नका. गाडीतून आलेली टेप लगेच लावायची नसते. शनिवारचा पूर्ण दिवस ती आमच्या एसी खोलीत पडून राहू दे, इथल्या हवेला सरावते. रविवारी सकाळी सातला लावू, संध्याकाळपर्यंत पूर्ण वाचून होईल.

---

उजनीकाठ | बुधवार, रात्री १०:२०

येते. सहकारी आज चार तास बसला. २०१६, २०१७ आणि २०१८ ची सूची झाली, २०१९ मध्ये ४ आणि ५ ची अदलाबदल झाली होती तीही सापडली. उरलेली वर्षं उद्या. छापायला जाड कागद आणलाय.